पंडिता रमाबाई : उघडे दार



मुरबाडहून माळशेज घाट चढला की पुणे जिल्हा लागतो. त्याच जिल्ह्यातील केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आज स्मरण करू या.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईवडील दुष्काळात गेले. भावासोबत त्या देशभर पायी फिरल्या. १८७८ साली कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. पतीनिधनानंतर त्या इंग्लंडला गेल्या व १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र प्रभू येशूची खरी ओळख आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी पटली, असे त्या सांगत.

१८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले. १८९३ साली मुली बाटवल्याचा आरोप झाला. सल्लागार मंडळ दूर झाले, पालकांनी मुली नेल्या. बाईंनी कोणावर सक्ती केली नव्हती; पण प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दारही त्या लावून घेत नसत.

पुढे केडगावला मेथॉडिस्ट मिनी अब्राम्स त्यांच्या सहकारी झाल्या. मेथॉडिस्टांचे गुरू जॉन वेस्ली हे हॉलंडच्या आर्मिनियस यांच्या विचारांचे. देवाची कृपा निवडक लोकांसाठी नसून सर्वांसाठी आहे आणि माणूस ती नाकारू शकतो, असे ते मानत. कॅल्विनपंथीयांना हे मान्य नव्हते. कृपा आधी येते, माणूस तिला होकार देतो, ही ट्रेंट धर्मपरिषदेची शिकवण. इथे आपण या बांधवांच्या जवळ आहोत.

मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणून ५ एप्रिल १९२२ रोजी बाई प्रभूघरी गेल्या.

शहापूर-मुरबाडमध्ये आपण संख्येने थोडे. मुलांना दटावून रोझरीला बसवता येते, विश्वास मात्र दटावून देता येत नाही. आपण प्रार्थना करावी आणि दार उघडे ठेवावे.