रोगशय्येवरील ग्रंथकार : हुआंगफू मी

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचूं लागलें असतां पुष्कळदां असें आढळून येतें कीं, त्यांच्या थोरवीचीं चिन्हें बाळपणींच दिसूं लागलीं होतीं. परंतु ज्याचें चरित्र येथें वाचकांपुढें ठेवावयाचें आहे, तो चिनी पंडित हुआंगफू मी या नियमास अगदीं अपवाद होता. वयाचीं वीस वर्षें उलटेपर्यंत त्याला विद्येची गोडी म्हणून ठाऊक नव्हती. आणि पुढें अर्धें अंग लुळें पडल्यावर त्यानें असा ग्रंथ रचिला कीं, सुया टोंचून रोग बरे करण्याच्या चिनी विद्येचा, म्हणजे ॲक्युपंक्चरचा, तो आजही एक आधारस्तंभ मानला जातो.

हुआंगफू मी याचा जन्म इ. स. 215 मध्यें वायव्य चीनमध्यें, हल्लींच्या कान्सू प्रांतांत झाला. हुआंगफू हें त्याचें कुलनाम व मी हें त्याचें स्वतःचें नांव. त्याचा पणजोबा हुआंगफू सुंग हा हान राजघराण्याचा नामांकित सेनापति होता. परंतु मी अवघा पांच वर्षांचा असतां, इ. स. 220 मध्यें, हान राज्य लयास गेलें, देशाचे तीन तुकडे झाले, आणि अनेक जुन्या घराण्यांप्रमाणें या घराण्याचेंही वैभव ओसरलें. मुलाला त्याच्या चुलत्यास दत्तक दिलें होतें. त्या कुटुंबाबरोबर तो लोयांग शहराजवळील शिन्‌आन येथें राहावयास गेला.

तेथें तो वाढला खरा, पण उनाडपणें वाढला. दिवसभर भटकावें, मन मानेल तसें वागावें, असा त्याचा क्रम असे. कित्येक लोक तर त्याला मंदबुद्धीचाच समजत. एकदां कोठूनसे त्याला खरबूज व कांहीं फळें मिळालीं, तीं त्यानें घरीं आणून आपल्या काकीपुढें ठेविलीं. काकीला आनंद होईल अशी त्याची समजूत होती. परंतु त्या माउलीच्या डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें. तिनें त्याला समजावून सांगितलें कीं, आईबापांना गोडधोड आणून दिल्यानें कांहीं मातृभक्ति होत नाहीं. वीस वर्षांचा होऊनही ज्याच्या मनांत विद्या नाहीं, त्यानें आईच्या जिवाला समाधान तें कोणतें द्यावें? मेन्शियस या तत्त्ववेत्त्याच्या आईनें मुलाला चांगला शेजार मिळावा म्हणून तीन वेळां घर बदललें होतें. तेव्हां आपल्याच शेजाराची निवड चुकली कीं काय, असा दोष ती स्वतःकडे घेऊं लागली. शेवटीं तिनें हेंही सांगितलें कीं, शिकलास तर लाभ तुझाच आहे, माझा नव्हे.

रागाच्या शब्दांनीं जें झालें नसतें, तें त्या आसवांनीं केलें. मी यानें त्याच गांवच्या शी तान नांवाच्या पंडिताकडे अध्ययन सुरू केलें. घरची स्थिति गरिबीची होती. शेतांत स्वतः राबल्यावांचून भागत नसे. म्हणून तो नांगरणी-कोळपणीस जातांना ग्रंथ बरोबर नेई आणि विसाव्याच्या वेळीं वाचीत बसे. पुढें पुढें तर जेवणाची व झोंपेची शुद्ध राहीनाशी झाली. लोकांनीं त्याला ग्रंथांचा व्यसनी असें टोपणनांव दिलें. इतिहास, सत्पुरुषांचीं चरित्रें, थोर स्त्रियांचीं चरित्रें अशा अनेक विषयांवर त्यानें लेखन केलें आणि त्याची कीर्ति दूरवर पसरली.

परंतु दैवाचा खरा घाला पुढेंच होता. त्याला वाताचा विकार जडला. शरीराची एक बाजू बधिर झाली, उजवा पाय वाळून बारीक झाला. चाळिशी उलटल्यावर बहिरेपणाची भर पडली. त्या काळीं थोरामोठ्यांत एक औषधी चूर्ण घेण्याची टूम निघाली होती. तें निरनिराळ्या खनिजांचें केलेलें असून तें घेतल्यावर थंड अन्न खावें लागे. त्यानें शक्ति वाढते व मन प्रसन्न होतें, अशी समजूत होती. हुआंगफू मी यानेंही तें घेतलें, आणि त्याचा परिणाम भयंकर झाला. ऐन हिंवाळ्यांत अंगाची आग होऊन त्याला उघड्या अंगानें बर्फ खावें लागे. यातना इतक्या असह्य झाल्या कीं, एकदां त्यानें शस्त्र हातीं घेऊन जीव देण्याचें ठरविलें. त्या वेळींही त्याच्या काकीनेंच त्याची समजूत घालून त्याला परावृत्त केलें. पुढें त्यानें या चूर्णाच्या घातक परिणामांविषयीं लिहून इतरांस सावध केलें.

या दुखण्यानेंच त्याला वैद्यकाकडे वळविलें. इ. स. 256 ते 260 या काळांत आजारी असतां त्यानें जुने वैद्यकग्रंथ अभ्यासण्यास आरंभ केला. ज्याला वैद्यक येत नाहीं, त्याच्या मनांत कितीही भक्ति असली तरी आईबाप आजारी पडले असतां त्याच्यानें कांहीं करवत नाहीं, असा विचार त्यानें आपल्या प्रस्तावनेंत मांडला आहे. फळें आणून काकीला संतुष्ट करूं पाहणारा मुलगा किती दूर आला होता, हें यावरून दिसून येईल.

सुईची विद्या त्याच्या पूर्वींची होती. इ. स. पूर्वीं 168 मध्यें बंद केलेल्या, मावांगत्वी येथील एका थडग्यांत 1973 सालीं रेशमावर लिहिलेले वैद्यकग्रंथ सांपडले. त्यांत शरीरांतील मार्गांचें वर्णन व डाग देण्याची रीति आहे. मात्र सुयांचा उल्लेख नाहीं. पुढें पीत सम्राटाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या ग्रंथांत सुयांचें शास्त्र आलें. त्याचें मूळ तत्त्व असें : शरीरांत ची नांवाची एक जीवनशक्ति खेळत असते, आपल्याकडील प्राणाच्या कल्पनेशीं तिचें कांहींसें साम्य आहे. बारा मुख्य मार्गांनीं ती वाहते. यिन म्हणजे शीत व शांत, आणि यांग म्हणजे उष्ण व चंचल, या दोहोंचा तोल साधला म्हणजे आरोग्य. तो बिघडला किंवा प्रवाह अडला म्हणजे रोग. मार्गांवरील ठराविक बिंदूंवर बारीक सुई टोंचून, अथवा दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापूस तेथें जाळून शेक देऊन, हा प्रवाह पूर्ववत् करावयाचा असतो.

हें ज्ञान तीन निरनिराळ्या ग्रंथांत विखुरलेलें होतें. एकच गोष्ट दोन ठिकाणीं, तर दुसरी अर्धवट, अशी स्थिति होती. हुआंगफू मी यानें तिन्ही ग्रंथ ताडून पाहिले, पुनरुक्ति गाळली आणि विषयवार मांडणी करून बारा खंडांचा, 128 प्रकरणांचा ग्रंथ सिद्ध केला. चिनी भाषेंत त्याला चन्‌च्यू च्यायी चिंग म्हणतात. चन् म्हणजे सुई व च्यू म्हणजे शेक. सुमारें साडेतीनशें बिंदूंची त्यांत नोंद आहे. डोकें, पाठ, छाती, पोट व हातपाय अशा क्रमानें बिंदूचें स्थान, सुई किती खोल न्यावी व शेक किती वेळां द्यावा, हें त्यांत सांगितलें आहे. घड्याळ नसल्यामुळें सुई किती वेळ ठेवावी हें श्वासांच्या संख्येनें मोजलें आहे. कोठें सुई टोंचूं नये, हेंही बजावलें आहे. केवळ सुई व शेक यांस वाहिलेला असा सुसंगत ग्रंथ, जो आज उपलब्ध आहे, तो हाच सर्वांत प्राचीन होय.

त्याच्या विद्वत्तेची वार्ता चिन घराण्याचा सम्राट वू याच्या कानीं गेली. सम्राटानें त्याला वारंवार अधिकारपद देऊं केलें. परंतु आपल्या दुखण्याचें कारण सांगून त्यानें प्रत्येक वेळीं नम्रपणें नकार दिला. सम्राटाकडे त्यानें एकच मागणें मागितलें, वाचावयास पुस्तकें. सम्राटानें गाडीभर ग्रंथ पाठविले, आणि रोगशय्येवर पडलेल्या या पुरुषानें वाचन अखंड चालू ठेविलें. आपला अंत्यविधि अगदीं साधा असावा, चटईंत देह गुंडाळावा आणि सोबत मातृपितृभक्तीवरील एक लहानसा ग्रंथ तेवढा ठेवावा, असें त्यानें लिहून ठेविलें होतें. इ. स. 282 मध्यें तो निवर्तला.

त्याचा ग्रंथ मात्र जगला. जपानमध्यें 701 सालच्या कायद्यानें राजवैद्यशाळेच्या विद्यार्थ्यांसाठीं तो नेमण्यांत आला. 1027 सालीं चीनमध्यें वांग वेई-यी यानें बिंदू दाखविणाऱ्या ब्राँझच्या मूर्ती घडविल्या. 1822 सालीं राजवैद्यशाळेंतून ही विद्या काढून टाकण्यांत आली. तरी ती लोकांत टिकली, आणि 2010 सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशांत तिची नोंद केली. हे मार्ग शवविच्छेदनांत कोठें सांपडलेले नाहींत. कांहीं वेदनांवर या उपचारानें उतार पडतो असें अनेक प्रयोगांत दिसून आलें असलें, तरी तो सुईच्या नेमक्या जागेमुळें कीं रुग्णाच्या विश्वासामुळें, याविषयीं संशोधकांत वाद चालू आहे. गंभीर आजारांत प्रथम डॉक्टरांकडेच गेलें पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, विसाव्या वर्षीं आरंभ करणारा, शेतांत राबणारा, लुळा व बहिरा झालेला हा पुरुष सतराशें वर्षांनंतरही लोकांच्या स्मरणांत आहे. उशीर झाला, घरीं गरिबी आहे, प्रकृति साथ देत नाहीं, या सबबी आपणां सर्वांच्या ओठांवर असतात. त्याच्याजवळ त्या तिन्ही होत्या. आणि पालकांनींही ध्यानांत ठेवावें कीं, त्याला मार्गावर आणणारी ती काकी त्याची जन्मदात्री नव्हती. तिनें छडी उचलली नाहीं, केवळ आपलें दुःख त्याला दिसूं दिलें.