स्प्रिंग न कापता गाडी खाली आणणारा माणूस : विन्चेन्झो लान्चिया

गाडी बुटकी करायची म्हटलं की अनेक जण आधी स्प्रिंग कापतात. मग स्पीड ब्रेकरला पोट घासतं आणि पाठीचे हाल होतात. शंभर वर्षांपूर्वी विन्चेन्झो लान्चिया यांनी वेगळी वाट काढली.

१८८१ मध्ये इटलीतल्या फोबेल्लो या डोंगराळ गावात त्यांचा जन्म झाला. तुरिनला हिशेबनीस म्हणून लागलेला हा पोरगा रमला मात्र इंजिनात. पुढे ते फियाटचे रेसिंग ड्रायव्हर झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

तेव्हा जाड चासीवर बॉडी ठेवत, म्हणून गाड्या उंच. पुढची चाकं एकाच एक्सलवर, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्यालाही.

१९२२ च्या लॅम्बडामध्ये लान्चियांनी वेगळी चासीच काढून टाकली. प्रोपेलर शाफ्ट मधल्या बोगद्यातून नेला, सीट त्याच्या दोन्ही बाजूंना खाली बसवल्या. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग आणि तेलाचा डॅम्पर दिला. माणसं खाली आली, पण चाकांना वर-खाली व्हायला जागा राहिली.

१९३७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी ते गेले. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेली त्यांची एप्रिलिया तेव्हा विक्रीला येण्याच्या बेतात होती. आज बहुतेक कार वेगळ्या चासीशिवायच बनतात.