जीवदयाव्रती शेठ मोतीशा

जैन धर्मात सर्व दानांमध्ये अभयदान श्रेष्ठ मानले गेले आहे. परंतु एखाद्या मुक्या जीवाला मरणातून सोडविणे वेगळे आणि त्याच्या उर्वरित आयुष्याचा भार उचलणे वेगळे. पहिले कार्य क्षणभराच्या करुणेनेही घडते. दुसऱ्यासाठी जागा, दाणापाणी, सांभाळणारी माणसे आणि वर्षानुवर्षे आटणार नाही असा निधी लागतो. हा भेद ओळखून निराधार प्राण्यांना हक्काचे घर मिळवून देणाऱ्या महाजनांमध्ये मुंबईचे शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच सर्वांना परिचित असलेले मोतीशा शेठ, यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

मोतीशा शेठ यांचा जन्म १७८२ साली झाला. त्यांचे घराणे मूळचे खंभातचे. व्यापारानिमित्त मुंबईत स्थिरावलेल्या या कुटुंबात मोतीशांनी आपल्या कर्तृत्वाने वैभव आणले. चीनशी चालणाऱ्या समुद्रमार्गे व्यापारात ते अग्रेसर होते. कापसाबरोबरच अफूचा व्यापारही त्या काळी मुंबईच्या बड्या पेढ्यांचा मोठा आधार होता आणि मोतीशांची पेढीही त्याला अपवाद नव्हती. आजच्या दृष्टीने ही गोष्ट खटकते व ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. त्या संपत्तीचा विनियोग त्यांनी कसा केला, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. थोर पारशी दानशूर जमशेटजी जीजीभाई हे त्यांचे व्यापारातील सहकारी होते. धर्म भिन्न असूनही जीवदयेच्या कार्यात ही दोन घराणी एकत्र आली.

त्या काळी मुंबईत बेवारस कुत्र्यांची संख्या वाढली की उन्हाळ्यात त्यांना ठार मारण्याचा सरकारी नियम होता. १८३२ साली ही मुदत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळत असे. बक्षिसाच्या लोभाने मारेकरी लोकांच्या पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान असल्यामुळे ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या धार्मिक दिवशी, हा प्रकार घडताच कोटातील पारशी समाज खवळून उठला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली, हिंदू व जैन व्यापारीही त्यात सामील झाले, लष्कराकडे जाणारी रसद अडविली गेली. अखेर सैन्य बोलावून जमाव पांगविण्यात आला व अनेकांना अटक झाली.

दंगा शमला, पण प्रश्न सुटला नाही. शहरातील प्रतिष्ठितांनी सरकारकडे अर्ज केला की कुत्र्यांना मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची परवानगी असावी. सरकारने ती मान्य केली. आता खरी कसोटी महाजनांची होती. जीव वाचवा असे म्हणणे सोपे. परंतु वाचविलेले जीव ठेवावयाचे कोठे आणि त्यांना जन्मभर पोसावयाचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मुंबईची पांजरापोळ. १८ ऑक्टोबर १८३४ रोजी जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने तिची स्थापना झाली. भुलेश्वरजवळ जागा मिळाली. कुत्री, गायी, बैल, घोडे अशा भाकड, जखमी वा बेवारस प्राण्यांना तेथे आसरा मिळू लागला. संस्था एका देणगीवर विसंबून राहू नये, यासाठी व्यापारी मंडळींनी कापूस, अफू यांसारख्या मालाच्या व्यवहारावर स्वेच्छेने लागा बसवून घेतला. प्रत्येक सौद्यातून थोडी रक्कम मुक्या जीवांच्या नावे बाजूला पडू लागली. एकाने दिलेले मोठे दान एक दिवस संपते. अनेकांनी नित्य दिलेला थोडा वाटा संस्थेला दीर्घायुष्य देतो. मुंबईची पांजरापोळ आजही उभी आहे, तिचे मर्म येथेच आहे.

मोतीशा शेठ यांची धर्मश्रद्धाही तितकीच उत्कट होती. भायखळा येथे त्यांनी उभारलेले आदीश्वर भगवंतांचे मंदिर १८२८ साली प्रतिष्ठित झाले. शत्रुंजय गिरिराजावर दोन शिखरांच्या मधली खोल घळ भरून काढून तिच्यावर मंदिरांची टूंक उभारण्याचा विराट संकल्प त्यांनी सोडला. काम पूर्ण होत आले असता १८३६ साली त्यांचे देहावसान झाले. प्रतिष्ठेचा सोहळा त्यांना पाहता आला नाही. १८३७ साली त्यांचे सुपुत्र खीमचंद यांनी तो संपन्न केला. पांजरापोळीचीही केवळ सुरुवातीची दोनच वर्षे त्यांनी पाहिली. दोन्ही कार्ये त्यांच्या मागे टिकली, कारण ती व्यक्तीवर नव्हे, तर व्यवस्थेवर उभी होती.

आज काळ बदलला आहे. बेवारस कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्याची पद्धत २००१ च्या नियमांनी देशभर लागू केली व २०२३ च्या नव्या नियमांनी ती पुढे चालू ठेवली. अनाथ पिलांना दत्तक घेणारी कुटुंबेही आता पुढे येत आहेत. तथापि, हौसेने आणलेला जीव कंटाळा आला की रस्त्यावर सोडण्याची वृत्तीही वाढली आहे. पुणे-सातारा महामार्गालगतच्या शिवरे गावासारख्या ठिकाणी भरधाव वाहनांमध्ये सोडलेल्या पिलाचे आयुष्य किती, हे सांगावयास नको. त्याला उचलून आणणे हे पहिले पाऊल. त्याला योग्य घर मिळेपर्यंत, आणि न मिळाल्यास अखेरपर्यंत, सांभाळणे हे खरे व्रत. घर देणाऱ्यानेही आपली जागा, वेळ आणि ऐपत आधी तपासून मगच जीव स्वीकारावा, कारण परत सोडलेला जीव दुसऱ्यांदा अनाथ होतो.

आपल्या प्रत्येक सौद्यात मुक्या जीवाचा वाटा ठेवणाऱ्या या श्रावकश्रेष्ठाला ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात विनम्र अभिवादन!