जलतरणपटू आणि प्रशिक्षक सचिन नाग

नवी दिल्लीत मार्च 1951 मध्ये झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत 100 मीटर मुक्तशैलीची शर्यत 1 मिनिट 4.7 सेकंदांत जिंकून सचिन नाग यांनी भारताला या स्पर्धांमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

नाग यांचा जन्म 5 जुलै 1920 रोजी वाराणसीत झाला. दहाव्या वर्षी पोलिसांच्या लाठीमारातून सुटण्यासाठी त्यांनी गंगेत उडी घेतली आणि तेथे सुरू असलेल्या शर्यतीत ते चक्क तिसरे आले, असे सांगितले जाते. पुढे ते कोलकात्यात आले.

1947 च्या दंगलीत त्यांच्या उजव्या पायाला गोळी लागली. बरे होण्यास किमान दोन वर्षे लागतील, असे डॉक्टरांचे अनुमान होते. तरीही 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पोहण्याच्या शर्यतीत उतरले आणि वॉटर पोलोत चिलीविरुद्धच्या विजयात त्यांनी चार गोल केले. शरीराआधी मन सावरल्याचेच हे उदाहरण होय.

प्रशिक्षक म्हणून त्यांचे कार्य याहून कमी मोलाचे नव्हते. हटखोला क्लबमध्ये चार-पाच वर्षांच्या आरती साहा यांची गुणवत्ता त्यांनी हेरली. अकराव्या वर्षी, 1952 मध्ये, आरती हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पोहल्या. ऑगस्ट 1959 मध्ये इंग्लिश खाडीतील पहिला प्रयत्न अपुरा राहिल्यावर सुमारे महिनाभराने, 29 सप्टेंबरला, त्यांनी ती खाडी पार केली. असा पराक्रम करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या.

नाग यांचे 19 ऑगस्ट 1987 रोजी निधन झाले. शासनाचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना मरणोत्तर जाहीर झाला, तो 2020 मध्ये.