सर्वांचा एकच पिता : असिसीचे संत फ्रान्सिस

इटली देशांतील असिसी या डोंगरी शहरीं इ. स. ११८१ च्या सुमारास, पिएत्रो बेर्नार्दोने नांवाच्या धनाढ्य कापडव्यापाऱ्याच्या घरीं संत फ्रान्सिस यांचा जन्म झाला. तरुणपणीं त्यांना उंची वस्त्रें, मेजवान्या व शिपाईगिरीचा लौकिक यांची मोठी हौस होती. परंतु १२०२ सालीं पेरुजाकरांशीं झालेल्या लढाईंत ते कैद झाले. सुमारें वर्षभराचा बंदिवास व पुढील आजारपण यांमुळें त्यांचें मन देवाकडे वळलें.

महारोग्यांची त्यांना विलक्षण शिसारी असे. एके दिवशीं वाटेंत एक महारोगी भेटतांच ते घोड्यावरून उतरले, त्याच्या हातीं द्रव्य ठेविलें आणि त्या हाताचें चुंबन घेतलें. ज्याच्या दर्शनानें ते तोंड फिरवीत, तोच आतां त्यांचा भाऊ झाला.

पुढें सान दामियानोच्या मोडकळीस आलेल्या देवळाच्या दुरुस्तीसाठीं त्यांनीं बापाचें कापड विकलें. बापानें संतापून बिशपांकडे फिर्याद नेली. तेव्हां १२०६ सालीं सर्वांसमक्ष फ्रान्सिस यांनीं पैसे तर परत केलेच, पण अंगावरचीं वस्त्रेंहि उतरून बापापुढें ठेविलीं, आणि यापुढें स्वर्गांतील पित्यासच आपण पिता म्हणूं, असें सांगितलें. बिशपांनीं आपल्या प्रावरणानें त्यांस झांकलें. हा त्याग सोपा नव्हता. त्या पितापुत्रांच्या समेटाविषयीं जुनीं चरित्रें मौनच धरितात.

परंतु एक घर सुटलें आणि अगणित भावंडें लाभलीं. १२०९ सालीं पोप तिसरे इनोसेंट यांनीं त्यांच्या मंडळीस तोंडी मान्यता दिली. तिनें धाकटे बंधु हें नांव घेतलें. दारीं मित्र येवो वा शत्रु, चोर येवो वा दरोडेखोर, त्याचें प्रेमानें स्वागत करावें, अशी बंधूंस शिकवण होती. १२२३ च्या नियमावलीप्रमाणें, शिकलेल्या धर्मगुरूंनीं ग्रंथांतील प्रार्थना म्हणाव्या व इतर साध्या बंधूंनीं त्याऐवजीं दिवसाच्या ठरलेल्या प्रहरीं मिळून ७६ वेळां प्रभूची प्रार्थना म्हणावी, असें ठरलें. अशा रीतीनें पंडित व अडाणी एकाच पित्यापुढें एकत्र उभे राहिले. १२१९ सालीं मिसर देशांत धर्मयुद्ध पेटलें असतां, फ्रान्सिस निःशस्त्र सुलतान अल्-कामिल यांच्या भेटीस गेले व सुखरूप परतले.

१२२५ सालीं ते जर्जर व जवळजवळ अंध झाले होते. त्या वेळीं असिसीचे बिशप व नगराधिकारी यांच्यांत वैर माजलें. फ्रान्सिस यांनीं आपल्या सूर्यस्तोत्रांत क्षमेचें एक कडवें घालून तें दोघांसमोर बंधूंकडून गावविलें, आणि दोघांचीं मनें जुळलीं. ३ ऑक्टोबर १२२६ रोजीं त्यांनीं देह ठेविला. १२२८ सालीं पोप नववे ग्रेगरी यांनीं त्यांस संतपद दिलें.

प्रिय वाचकहो, प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेंत आपण देवाला आमचा बाप म्हणतों. त्या एका शब्दांत शेजारीहि आला, परकाहि आला, आणि बांधावरून ज्याच्याशीं अबोला धरिला तोहि आला. त्याला वगळून ती प्रार्थना पुरी होत नाहीं. एखाद्या दुरावलेल्या भावाच्या दारीं जाण्याचें बळ संत फ्रान्सिस यांच्या विनवणीनें आपणांस लाभो.