११ नोव्हेंबर : एक तारीख आणि मौलाना आझाद

दरवर्षी ११ नोव्हेंबरला आपल्या शाळेत राष्ट्रीय शिक्षण दिन साजरा होतो. मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या तसबिरीला हार घातला जातो, दोन-चार विद्यार्थी पाठ केलेली भाषणे करतात, आभारप्रदर्शन होते आणि पुढच्या तासाची घंटा वाजते. गेल्या वर्षी कार्यक्रम संपल्यावर आठवीतल्या एका मुलीने मला विचारले की, सर, मौलाना कोणत्या शाळेत शिकले? मी म्हणालो, कोणत्याच नाही. ती गोंधळून निघून गेली. ते उत्तर अपुरे होते याची रुखरुख मला लागून राहिली. आज या स्मरणिकेच्या निमित्ताने ते पुरे करावे म्हणतो.

विद्यार्थी मित्रहो, आधी या तारखेकडेच पाहू या. मौलानांचा जन्म मक्का शरीफ येथे झाला आणि त्यांचा जन्मदिवस म्हणून ११ नोव्हेंबर १८८८ हा दिवस मानला जातो. त्याच दिवशी, त्याच वर्षी, सिंधमधील हैदराबाद शहरात आणखी एक मूल जन्माला आले. ते म्हणजे आचार्य जे. बी. कृपलानी. एक मुसलमान पीराचा मुलगा, दुसरा सिंधी हिंदू घरातला. कृपलानी मुंबईच्या विल्सन कॉलेजात, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि प्राध्यापक झाले. मौलाना मात्र शाळेची पायरीही चढले नाहीत. दोघांच्या वाटा इतक्या वेगळ्या असूनही त्या एके दिवशी आपल्याच महाराष्ट्रात एकत्र आल्या. ती हकीकत पुढे येईलच.

मौलानांचे वडील मौलाना खैरुद्दीन हे मोठे विद्वान होते. मुलाच्या लहानपणीच हे कुटुंब कलकत्त्यास येऊन राहिले. वडिलांचा इंग्रजी शिक्षणावर मुळीच विश्वास नव्हता. म्हणून त्यांनी मुलाला घरीच शिकवले आणि गरजेप्रमाणे त्या त्या विषयाचे उस्ताद घरी आणले. अरबी, फारसी, तर्कशास्त्र, गणित असा जो अभ्यास पुरा करायला इतरांची विशी-पंचविशी येत असे, तो मौलानांनी सोळाव्या वर्षी संपवला. त्याच सुमारास सर सय्यद अहमद खान यांचे लेखन त्यांच्या वाचनात आले आणि आधुनिक विद्येवाचून आपले शिक्षण अपुरे आहे हे त्यांना उमगले. एका जाणकाराकडून त्यांनी इंग्रजी मुळाक्षरे शिकून घेतली. मग इंग्रजी बायबल, त्याची फारसी व उर्दू भाषांतरे आणि शब्दकोश समोर ठेवून ते एकेक ओळ लावत बसले. अशा रीतीने ती भाषा त्यांनी स्वतःच्या बळावर आत्मसात केली.

१९१२ साली त्यांनी कलकत्त्यास 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. मुसलमानांनी भिऊन न राहता हिंदू बांधवांच्या खांद्याला खांदा लावून स्वातंत्र्यासाठी झटावे, हा त्या पत्राचा संदेश होता. सरकारने जामीनकी जप्त करून पत्र बंद पाडले. मौलानांनी 'अल-बलाग' काढले. मग १९१६ साली त्यांना बंगालमधून हद्दपार करण्यात आले. इतर अनेक प्रांतांनीही प्रवेशबंदी केल्याने ते बिहारमध्ये रांचीला गेले आणि तेथेच त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले.

या नजरकैदेतच पुन्हा ११ नोव्हेंबर उजाडला. साल होते १९१८. त्या दिवशी सकाळी अकरा वाजता युरोपातल्या तोफा थंडावल्या आणि पहिले महायुद्ध थांबले. त्या युद्धात हिंदुस्थानचे ७० हजारांहून अधिक जवान कामी आले होते. आपला तिसावा वाढदिवस मौलानांनी सरकारी पहाऱ्यात काढला. युद्ध संपले तरी त्यांची सुटका आणखी वर्षभर झाली नाही. पण ते हात बांधून बसले नाहीत. रांचीत त्यांनी मुलांसाठी मदरसा उभा केला आणि कुरआन शरीफच्या उर्दू तर्जुम्याचे काम चालू ठेवले. पोलिसांच्या झडत्यांत हस्तलिखित गेले, पाने फाटली, विखुरली. मौलानांनी ते पुन्हा लिहिले. आपल्या वहीचे एक पान हरवले तर आपण किती कुरकुर करतो, हे येथे आठवावे.

१९२० च्या आरंभी सुटका झाल्यावर त्यांची गांधीजींशी भेट झाली. खिलाफत आणि असहकार या चळवळींत त्यांनी स्वतःला झोकून दिले. १९२३ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते दिल्लीच्या विशेष अधिवेशनात काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १९४० साली ते पुन्हा अध्यक्ष झाले. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर 'भारत छोडो'चा ठराव झाला, तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पोलीस दारात उभे होते.

कार्यकारिणीच्या सभासदांना आगगाडीने अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) नेण्यात आले. चाँदबीबीने मोगलांशी झुंज दिली तो हाच भुईकोट किल्ला. येथे पंडित नेहरू, सरदार पटेल, आपले शंकरराव देव आणि आचार्य कृपलानी यांच्यासमवेत मौलाना बंदिस्त झाले. एकाच दिवशी जन्मलेले ते दोघे १९४२ च्या ११ नोव्हेंबरला एकाच तटबंदीच्या आत चोपन्न वर्षांचे झाले.

मौलाना भल्या पहाटे उठत, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चहा करीत आणि लिहीत बसत. एका स्नेह्याला लिहिलेली ती पत्रे टपालात पडणे शक्यच नव्हते. पुढे १९४६ साली 'गुबारे खातिर' या नावाने ती पुस्तकरूपाने आली. खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांवरही त्यांत मजकूर आहे.

पण त्याच पत्रांत एक मोठे दुःखही आहे. मुंबईस निघताना त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम आजारी होत्या. दारापर्यंत येऊन त्यांनी खुदा हाफिज केले, एवढीच ती शेवटची भेट. १९४३ च्या सुरुवातीस दुखणे बळावल्याच्या बातम्या किल्ल्यात येऊ लागल्या. सरकारला काही विनंती करायची असेल तर ती लगेच पोचवतो, असे तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवले. मौलानांनी नकार दिला. ज्या सरकारशी लढा मांडला त्याच्याकडे सवलत मागणे त्यांना मंजूर नव्हते. जेवणाची वेळ, लिहिण्याची वेळ, सारे नेमाप्रमाणे चालू राहिले. मनातली घालमेल त्यांनी सोबत्यांना दिसू दिली नाही. ९ एप्रिल १९४३ रोजी कलकत्त्यास बेगमसाहेबांचा इंतकाल झाला. जून १९४५ मध्ये सुटून आल्यावर स्वागताच्या गर्दीतून मौलाना आधी पत्नीच्या कबरीवर गेले, फुले वाहिली आणि फातिहा पढले.

स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी २२ फेब्रुवारी १९५८ रोजी इंतकाल होईपर्यंत काम केले. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलामुलीला मोफत शिक्षण मिळावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच कारकीर्दीत १९५१ साली खरगपूरची पहिली आय.आय.टी. सुरू झाली, १९५३ साली विद्यापीठ अनुदान मंडळ कामाला लागले आणि संगीत नाटक, साहित्य व ललित कला या तिन्ही अकादम्या स्थापन झाल्या. १९९२ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले आणि २००८ पासून त्यांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन झाला.

आता त्या मुलीला पुरे उत्तर देतो. मौलाना शाळेत गेले नाहीत हे खरे; पण त्यांचे घर हेच मोठे विद्यालय होते आणि तेवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. जे दार वडिलांनी त्यांच्यासाठी बंद ठेवले, ते त्यांनी आधी स्वतःसाठी आणि मग साऱ्या देशातल्या मुलांसाठी उघडले. पालकहो, मौलाना कुठे शाळेत गेले होते, असे म्हणून आठवीनंतर मुलीचे नाव काढायला येणारे पालक मला भेटले आहेत. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की, घरी उस्ताद आणण्याची आपली ऐपत नाही. आपल्या मुलांचे उस्ताद याच शाळेत आहेत. ११ नोव्हेंबरला हार घालायला जरूर या. पण जूनमध्ये मुलीचे नाव पुढच्या वर्गात घालायलाही या. त्या दिवसाचा खरा मान त्यातच आहे.