प्लेगच्या वणव्यात सावित्रीबाई

पुणे-सातारा रस्त्यावरील शिरवळच्या परिसरात, खंडाळा तालुक्यात नायगाव हे गाव आहे. 3 जानेवारी 1831 रोजी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी सावित्रीबाईंचा जन्म येथे झाला. दरवर्षी जयंतीला या गावात मोठी गर्दी होते, भाषणे होतात आणि बहुतेक भाषणे 1848 च्या भिडेवाड्यातील शाळेपाशी सुरू होऊन तेथेच संपतात. ते स्वाभाविकही आहे. परंतु साथ, दुष्काळ आणि जमावाचा संताप यांच्या तोंडी सापडलेल्या माणसांना सुरक्षित जागी हलविण्याचे काम सावित्रीबाईंनी जवळपास तीस वर्षे केले आणि त्या कामातच त्यांचा अंत झाला. त्यांच्या चरित्राचा हा भाग सहसा शेवटच्या एका परिच्छेदात उरकला जातो.

वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह जोतीराव फुले यांच्याशी झाला आणि त्या पुण्यात आल्या. माहेरशी संबंध मात्र तुटला नाही. 1856 च्या सुमारास मोठ्या दुखण्यातून उठल्यावर विश्रांतीसाठी त्या नायगावला राहिल्या होत्या. पुन्हा 1868 मध्ये त्या तेथे असताना घडलेला प्रसंग त्यांनी जोतीरावांना पत्राने कळविला. गणेश नावाचा, पंचांग सांगून पोट भरणारा ब्राह्मण तरुण आणि सारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेमसंबंध उघडकीस आले. मुलगी गरोदर होती. गावकऱ्यांनी दोघांना मारीत वेशीकडे नेले; जीव घेण्यापर्यंत मजल गेली होती. सावित्रीबाई धावत तेथे पोहोचल्या आणि इंग्रजी कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला थोपविले. दोघांनी गाव सोडून जावे, यावर गावकरी राजी झाले. पुढचा निर्णय सावित्रीबाईंचा होता. त्यांनी त्या दोघांना पुण्याला जोतीरावांकडे रवाना केले. आज आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणात स्थलांतराचे जे टप्पे शिकविले जातात, धोका थोपविणे, बाहेर काढणे आणि पुढचा आसरा आधीच ठरविणे, ते सारे त्या एका दिवसात नायगावच्या वेशीवर पार पडले होते.

1876-77 च्या दुष्काळात हे काम मोठ्या प्रमाणावर करण्याची वेळ आली. सातारा, पुणे, नगर, सोलापूर हा सारा पट्टा त्या दुष्काळात होरपळून निघाला. माणसे गावेच्या गावे सोडून चालू लागली. 1873 मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने अन्नछत्रे काढली. पुण्याजवळ धनकवडी येथे निराधार मुलांसाठी बालाश्रम उघडण्यात आला आणि भाकरी भाजण्यापासून मुलांच्या आजारपणापर्यंतची व्यवस्था पाहणाऱ्यांत सावित्रीबाई होत्या. त्याच काळात त्या जुन्नर तालुक्यातील ओतूर भागात मदतकार्य करीत होत्या. सावकारांविरुद्ध उसळलेल्या असंतोषात सत्यशोधक कार्यकर्त्यांची धरपकड झाली, तेव्हा त्या थेट कलेक्टरपुढे उभ्या राहिल्या. कार्यकर्ते सुटले आणि दुष्काळग्रस्तांसाठी ज्वारीच्या गाड्याही मिळाल्या. ज्या सरकारी यंत्रणेने आपली माणसे पकडली, तिच्याकडूनच धान्य मिळविणे हे कौशल्य थोडेथोडके नव्हे.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी स्वतः धरले. पुढे सत्यशोधक समाजाचे काम त्यांनीच पुढे नेले; 1893 मध्ये सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. दत्तक पुत्र यशवंत डॉक्टर होऊन लष्करी सेवेत गेला होता. हा यशवंत म्हणजे फुले दांपत्याने आश्रय दिलेल्या काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. भीतीने मुंबई सोडणाऱ्यांबरोबर साथ रेल्वेने पुण्यात आली. काखेत, जांघेत गाठ, कडक ताप आणि काही दिवसांत मृत्यू, असे या रोगाचे स्वरूप होते. रोगाचा जंतू 1894 मध्येच हाँगकाँगला सापडला होता. परंतु तो उंदरावरील पिसवांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो, हे पॉल लुई सिमों यांनी कराचीत दाखवून दिले ते 1898 मध्ये. त्यामुळे 1897 च्या आरंभी रोग नेमका कशाने पसरतो, हे डॉक्टर, अधिकारी किंवा रुग्ण, कोणालाही ठाऊक नव्हते. रुग्णाला दाट वस्तीतून मोकळ्यावर न्यावे, एवढेच काय ते सर्वांना कळत होते. मात्र ते कसे करावे, याची दोन उत्तरे तेव्हा पुण्यात शेजारीशेजारी उभी राहिली.

एक उत्तर सरकारचे होते. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि त्याच महिन्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्याकडे पुण्याच्या प्लेग बंदोबस्ताची सूत्रे आली. योगायोग असा, की रँड पुण्याला आले ते साताऱ्याहून. तेथे ते असिस्टंट कलेक्टर होते. त्यांच्याकडे लष्कर, इस्पितळ, विलगीकरण छावणी, चुना आणि आग अशी सर्व साधने होती.

दुसरे उत्तर सावित्रीबाईंचे होते. त्यांनी यशवंतला रजा घेऊन बोलावून घेतले आणि हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात, शहराच्या गर्दीपासून दूर उघड्या माळावर दवाखाना सुरू केला. ससाणे हे यशवंतचे सासर. त्यामुळे जागा मिळाली आणि आसपासच्या गावांत ओळखही होती. रुग्ण शोधायला शिपाई नव्हते. कोठे कोण आजारी आहे, याची बातमी सत्यशोधक कार्यकर्त्यांच्या आणि सावित्रीबाईंच्या पायपिटीतून मिळत असे. रुग्ण लपविणे ही त्या साथीतली सर्वांत मोठी अडचण होती. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची पक्की समजूत होती आणि मृत्यूचे प्रमाण पाहता ती अगदीच निराधारही नव्हती. ज्या बाईने दुष्काळात मुलांना भाकरी घातली, तिच्या स्वाधीन माणूस करायला मात्र लोक तयार होत. ससाणे मळ्यातील दवाखान्याचे खरे भांडवल हेच होते. औषध म्हणावे असे तेव्हा फारसे काही नव्हतेच.

मुंढवा गावाबाहेरील महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सावित्रीबाई तेथे गेल्या. अस्पृश्य वस्तीतल्या प्लेगच्या रुग्णाला हात लावायला कोण येणार होते? सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्या मुलाला पाठीवर घेतले आणि काही मैलांवरील दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना संसर्ग झाला. 10 मार्च 1897 रोजी रात्री त्यांचे निधन झाले.

तीनच दिवसांनी, 13 मार्चला, रँड यांच्या घरझडतीच्या तुकड्या पुण्याच्या पेठांत शिरल्या. सोजिरांनी देवघरापर्यंत मजल मारली, सामान जाळले, माणसांना छावणीत नेले. मोहिमेमागील वैद्यकीय तर्क, म्हणजे रोगी वेगळा करणे आणि घर रिकामे करणे, ससाणे मळ्यापेक्षा फारसा निराळा नव्हता, हे मान्य करायला हवे. पण लोकांनी रुग्ण माळ्यावर, कोठारात लपविले. टिळकांनी हिंदू प्लेग हॉस्पिटल काढले ते याच अविश्वासावर उपाय म्हणून. 22 जूनच्या रात्री रँड यांच्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या.

साथ पुण्यात थांबली नाही. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गाने ती दक्षिणेला उतरली. वाळवा, तासगाव, खानापूर हे आज सांगली जिल्ह्यात असलेले तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला तो 1949 मध्ये आणि त्याला सांगली हे नाव मिळाले 1960 मध्ये. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल 1894 पासून सुरू होते. पण खेड्यापाड्यांत डॉक्टर पोहोचणे कठीणच होते. तेथे लोकांनी आपला मार्ग आपणच काढला. घरात उंदीर पडू लागले, की गाव सोडायचे आणि रानात, मळ्यात झोपड्या घालून राहायचे. पुढील वीस-पंचवीस वर्षे कृष्णाकाठच्या कित्येक गावांनी असे हंगाम रानात काढले. ही तजवीज शास्त्राच्या कसोटीलाही उतरली, कारण पिसवा आणि उंदीर मागे घरातच राहत.

यशवंत आईच्या मृत्यूनंतर लष्करी सेवेत परतले. प्लेग पुण्यात पुन्हापुन्हा येत राहिला. अशाच एका साथीत रुग्णांवर उपचार करताना त्यांनाही लागण झाली आणि 13 ऑक्टोबर 1905 रोजी त्यांचे निधन झाले.